संकलक, पर्यायी
संकलक, पर्यायी : संगणकीय भाषेत लिहिलेल्या मूळ आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस संकलक किंवा कंपायलर म्हणतात. मुक्तस्रोत प्रकल्पाची मूळ आज्ञावली सर्वांस खुली असते. मात्र ती एकाच संकलकाने रूपांतरित होत असेल, तर प्रकल्प त्या संकलकाच्या गुणदोषांना बांधला जातो. हे अवलंबित्व टाळण्यासाठी योजलेल्या दुसऱ्या संकलकास पर्यायी संकलक म्हणतात.

रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा संकलक १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. लिनक्स या परिचालन प्रणालीचा गाभा दीर्घकाळ त्यावरच विसंबून होता. २००० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर व त्यांचे मार्गदर्शक विक्रम आडवे यांनी एलएलव्हीएम प्रकल्प सुरू केला. आडवे हे मुंबई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे पदवीधर होत. एलएलव्हीएमवर आधारलेला क्लँग हा संकलक २००७ मध्ये खुला झाला. जीसीसीच्या अंतर्रचनेचा अभ्यासही मुंबईच्या याच संस्थेत उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली झाला.

पर्यायी संकलक लागू करताना मुख्यतः दोन अडचणी येतात. पहिली, भाषेच्या प्रमाणात नसलेल्या, पण एका संकलकाने दिलेल्या जादा सोयींचा वापर. दुसरी, प्रमाणाने मोकळ्या ठेवलेल्या बाबी. उदा., सी भाषेत एखाद्या फलनाला दिलेल्या दोन पदांपैकी कोणत्याचे मूल्य आधी काढावे, हे ठरलेले नाही. दोन संकलकांनी वेगळा क्रम घेतल्यास उत्तरे बदलू शकतात व लपलेला दोष उघड होतो. यासाठी प्रत्येक बदलानंतर दोन्ही संकलकांनी रूपांतर करून चाचण्या घेतात.

लिनक्सच्या बाबतीत दोन्ही बाजूंना बदलावे लागले. गाभ्यातून काही अप्रमाण रचना काढण्यात आल्या, तर गाभ्याला आवश्यक असलेली एक सोय क्लँगमध्ये २०१९ साली आली.

पर्यायी संकलकाचे महत्त्व सुरक्षिततेतही आहे. मूळ आज्ञावलीत कोठेही न दिसणारी चोरवाट संकलक गुप्तपणे घालू शकतो, हे केन टॉम्पसन यांनी १९८४ मध्ये दाखविले. दुसऱ्या स्वतंत्र संकलकाच्या साहाय्याने पडताळा घेऊन असा घातपात ओळखण्याची पद्धत डेव्हिड व्हीलर यांनी मांडली. पर्यायी संकलकामुळे चाचण्यांचे काम वाढते व लहान प्रकल्पांना ते जड जाते. तथापि केवळ मूळ आज्ञावली खुली असणे पुरेसे नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.