उष्णता कोठे अडली?

मे महिन्यात आमच्या कुंभारीत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवलाचे नाही. सोलापूरजवळच्या ह्या गावात २००६ साली विडी कामगारांना १०,००० घरांची वसाहत मिळाली. त्या वसाहतीत राहणारा, अकरावीतला एक मुलगा अशाच एका दुपारी माझ्याकडे आला. सुटे भाग जमवून त्याने घरीच संगणक जोडला होता.

"सर, प्रोसेसरचं तापमान ९८ अंश दाखवतंय. काम मंदावतं, कधी कधी संगणक आपोआप बंद पडतो. दुकानदार म्हणतात, मोठा कूलर घ्या. दोन हजार रुपये."

कूलर म्हणजे येथे खिडकीतला नव्हे. प्रोसेसरवर बसवायचा पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा आणि त्यावरचा पंखा, ह्या जोडीला कूलर म्हणतात. मुलाची आई विड्या वळून घर चालवते. त्या घरात दोन हजार ही लहान रक्कम नव्हे. मी म्हटले, "आधी उष्णता कोठे अडली ते शोधू, मग पैशांचं बोलू."

प्रोसेसर इतका तापतो का, हे प्रथम पाहू. घरची इस्त्री १००० वॅटची आणि तिचा तळ सुमारे २०० चौ. सेंमी. धरला, तर प्रत्येक चौ. सेंमी.ला ५ वॅट उष्णता निर्माण होते. ह्या मुलाचा प्रोसेसर ६५ वॅटचा होता. पण त्यातील सिलिकॉनची चकती जेमतेम दीड चौ. सेंमी.ची. म्हणजे चौ. सेंमी.ला ४० वॅटांहून अधिक! ही उष्णता सतत बाहेर गेली नाही, तर चकती जळेल. म्हणून तापमान शंभरीजवळ येताच बहुतेक आधुनिक प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर बंद पडतात.

उष्णतेची वाट अशी : चकतीतून तिच्यावरील धातूच्या झाकणात, तेथून कूलरच्या ठोकळ्यात, ठोकळ्यातून पात्यांत, पात्यांतून पेटीतील हवेत आणि शेवटी खोलीत. ह्या वाटेचा नियम सोपा आहे :

प्रोसेसर व खोली यांच्या तापमानांतील फरक = वॅट × वाटेचा उष्णतारोध.

म्हणून नुसता आकडा पाहून घाबरू नये. त्यातून खोलीचे तापमान वजा करावे. पंखा हवा थंड करीत नाही, फक्त हलवतो. खोली ३९ अंशांवर असेल, तर कोणताही पंखा प्रोसेसरला त्याखाली नेणार नाही.

त्याच्या घरी गेलो. खोलीत ३९ अंश होते. संगणकाला काही काम दिलेले नसताना प्रोसेसर ७२ वर आणि काम देताच मिनिटभरात ९८ वर जाई. फरक ५९ अंश, तोही वेग कमी झालेला असताना! दोष वाटेतच होता. पण वाटेत कोठे?

पहिली परीक्षा : कूलरचा पंखा फिरतो का, पात्यांत धूळ आहे का? पंखा फिरत होता, पाती स्वच्छ होती.

दुसरी परीक्षा : पेटीची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. तापमान फक्त २ अंशांनी उतरले. म्हणजे पेटीत हवा कोंडलेली नव्हती.

तिसरी परीक्षा : संगणक बंद करून, प्लग काढून, लगेच ठोकळ्याला हात लावला. प्रोसेसर ९८ अंशांवर होता आणि ठोकळा जेमतेम कोमट! उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नव्हती. मग कितीही वारा घालून काय उपयोग?

तव्यावरची भाकरी आठवा. ती फडक्याने दाबून भाजतात. जेथे ती तव्यापासून उचलली जाते, तेथे कच्ची राहते, कारण मध्ये हवा शिरते. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे १५,००० पट आहे. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले तरी त्यांत सूक्ष्म खळगे असतात. त्यांतली हवा घालवण्यासाठीच झाकण व ठोकळा यांच्यामध्ये उष्णतावाहक लेप लावतात.

आम्ही ठोकळा सोडवला. लेप होता, पण ठोकळ्याच्या तळाला, कारखान्यात संरक्षणासाठी चिकटवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच होता! तो ०.०५ मिलिमीटर जाडीचा व झाकण ९ चौ. सेंमी.चे धरले, तर ६५ वॅटला एकट्या पापुद्र्यामुळे सुमारे १८ अंश वाढतात. शिवाय त्याच्या सुरकुत्यांत अडकलेली हवा वेगळीच.

पापुद्रा काढला, जुना लेप पुसून नवा लावला, चारही स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळले. आता पूर्ण काम देऊनही तापमान ७८ वर स्थिरावले. फरक ३९ अंश; म्हणजे उष्णतारोध वॅटला ०.६ अंश. खर्च फक्त लेपाच्या नळीचा.

निघताना मी त्याला विचारले, "डिसेंबरात खोली २४ अंशांवर आली, तर प्रोसेसर किती दाखवील?" त्याने वहीत लिहिले : २४ + ३९ = ६३. डिसेंबरात तो पुन्हा आला. प्रत्यक्ष आकडा होता ६४.

तुमच्या शाळेतील संगणकावरही हा प्रयोग शिक्षकांच्या मदतीने करून पाहा. दर महिन्याला, तेच काम चालू असताना, खोलीचे व प्रोसेसरचे तापमान वहीत लिहा. दोन्ही आकडे बरोबरीने वाढले, तर तो उन्हाळा समजा. फरक वाढू लागला, तर मात्र वाटेत काहीतरी अडले आहे. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी ते शोधा.