डेम्लोचा फलाट आणि नवाचा ताळा

बदलापूरहून मुंबईला जाताना अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण मागे पडलं, की डोंबिवलीला माझी नजर हमखास फलाटाकडे वळते. तिथे पाय ठेवायला जागा नसते. मला मात्र त्या गर्दीत एक सतरा अंकी संख्या दिसते: १२३४५६७८९८७६५४३२१.

१९०५ साली डहाणूला जन्मलेले आणि देवळालीला शाळामास्तरकी केलेले द. रा. कापरेकर यांना अशा संख्यांची कल्पना याच स्थानकावर सुचली. स्थानकाचं तेव्हाचं नाव डेम्लो, म्हणून या ‘डेम्लो संख्या’. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी त्यांची उपपत्ती प्रसिद्ध केली.

वाचकहो, घरी मुलांना बसवून करून पाहा. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. एक हा आकडा नऊ वेळा लिहून वर्ग केलात, की वरची संख्या हजर! गुणाकारात नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ, मग तशीच उतरण. हातचा कुठेच नाही. दहा एके घेतले, की मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब!

आपल्या सतरा अंकांची बेरीज ८१, आणि संख्येलाही ८१ ने पूर्ण भाग जातो. या नवाने एकदा एका माणसाची अब्रू वाचवली.

१९८४ च्या सुमारास मी उल्हासनगरला एका बँकेच्या शाखेत होतो. एका संध्याकाळी लेजर २,७०० रुपयांनी जुळेना. संशय नव्या कारकुनावर. बिचारा पांढराफटक पडला. साहेब म्हणाले, “लिहून द्या.” तेवढ्यात म्हातारे हेड कॅशियर म्हणाले, “फरकाला नवाने भाग जातोय. पैसे गेले नसतील, आकडे उलटे पडले असतील.” दशकाचा आकडा एककाच्या घरात गेला, की फरक नवाच्याच पटीत येतो. शेकडा-हजाराचंही तेच. रात्री चूक सापडली. एका कापडवाल्याचे ५,२०० कुणीतरी २,५०० लिहिले होते. अक्षर माझं होतं.

कापरेकरांचा प्रसिद्ध ६१७४ हाही याच घराण्यातला. सगळे सारखे नसलेले चार आकडे घ्या, उतरत्या मांडणीतून चढती वजा करा, आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतो. प्रत्येक वजाबाकी नवाच्या पटीतली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी लिहिलं, तेव्हा जगाला हा निवृत्त मास्तर कळला. १९८६ मध्ये ते गेले.

त्या रात्री मी माफी मागितली नव्हती. तो कारकून आता अंबरनाथला राहतो. मागच्या रविवारी गेलो, त्याच्या नातवाला ही संख्या मांडून दाखवली आणि राहिलेलं बोलून टाकलं. चहाचा कप पुढे करत तो म्हणाला, “साहेब, उशिरा का होईना, ताळा बसला.”