गाडीची किल्ली कुठे ठेवाल?

संध्याकाळी आपण ट्रॅक्टर अंगणात उभा करतो. किल्ली तशीच राहते. "आपल्याच दारात तर आहे. कोण नेतंय?" असे आपण म्हणतो.

पण चोरापेक्षा घरच्या पोराचीच भीती मोठी! पोर खेळता खेळता वर चढते, किल्ली फिरवते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर एकदम पुढे जाऊ शकतो. पुढ्यात म्हातारी बसली असेल तर?

पोराने गाडी रस्त्यावर नेऊन गुन्हा केला, तर २०१९ च्या कायद्याने पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

म्हणून किल्ली काढावी. दारातल्या खुंटीला अडकवू नये. आतल्या खोलीत, पोरांचा हात पोचणार नाही अशी उंच जागा ठरवावी. ती घरच्या मोठ्या माणसांना माहीत असावी. मग रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले, तरी शोधाशोध होत नाही.