घरच्या फोटो-व्हिडिओंसाठी हार्ड डिस्क घेताना

स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ, मुलांचे वाढदिवस, आजीच्या आवाजातल्या ओव्या... हे सगळं ८ टीबीच्या एकाच डिस्कवर भरू नका. त्यापेक्षा ४ टीबीच्या दोन घ्या आणि दोन्हींवर तेच साठवा. एक घरी, दुसरी भावाकडे किंवा गावी. माझी एकुलती एक डिस्क चालू असताना टेबलावरून पडली. आत चकती वेगाने फिरत असते आणि वाचणारं टोक तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर असतं. धक्क्याने ते चकतीला घासतं. ओव्या गेल्या त्या गेल्याच.

४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो, अडीच इंची यूएसबीवरच चालते. सहा महिन्यांनी एकदा दोन्ही जोडून चार-दोन फाईली उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणून थांबू नका.