खोट्या आकाशाची खरी चाल

इंडिगो बंटिंग हा अमेरिकेतला चिमणीएवढा पक्षी. नर निळाशार, मादी मातकट. थंडीच्या तोंडावर हे पक्षी दक्षिणेला जातात, उन्हाळ्याआधी परत येतात, आणि हा सगळा प्रवास रात्रीचा करतात. अंधारात त्यांना वाट सापडते कशी? १९६० च्या दशकात स्टीफन एम्लेन नावाच्या संशोधकाने याचा छडा लावायला पक्ष्यांना चक्क तारांगणात नेलं. प्रत्येक पक्ष्याला कागदाच्या एकेका नरसाळ्यात ठेवलं, तळाशी शाईचा पॅड. पक्षी ज्या बाजूला झेपावू बघेल त्या बाजूच्या कागदावर त्याच्या पायांचे ठसे उमटायचे. घुमटावर तारे दिसू लागले की ऋतू असेल त्याप्रमाणे ठसे उत्तरेला किंवा दक्षिणेला गोळा व्हायचे. एम्लेनने आकाश उलटं लावलं, तर ठसेही उलटे पडले.

खरी गंमत त्याच्या पुढच्या प्रयोगात आहे. तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. एम्लेनने पिल्लं हाताने वाढवली आणि त्यांना खरं आकाश दिसूच दिलं नाही. काही पिल्लांना घुमटावर आपलं नेहमीचं, ध्रुवताऱ्याभोवती फिरणारं आकाश दाखवलं. काहींना तेच तारे दाखवले, पण सगळं आकाश मृग नक्षत्रातल्या काक्षीभोवती फिरत ठेवलं. पानगळीचे दिवस आले तशी ही दुसरी पिल्लं काक्षीकडे पाठ करून निघायला बघू लागली. त्यांच्या लेखी उत्तर तिकडे होती! कुठला तारा तेजस्वी, कुठला मंद, कुठली आकृती कशी, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. सगळं फिरत असताना मधलं काय स्थिर राहतं, एवढंच त्यांनी टिपलं होतं.

तारांगणाबद्दल काही सांगायचं तर मी इथूनच सुरुवात करतो. घुमटावरचा एकूणएक तारा खोटा असतो, त्याची चाल मात्र अस्सल असते. सहलीला आलेल्या मुलांना हे बहुधा कुणी सांगत नाही. दोन-दोनच्या रांगा, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, बाईंचं ‘शू:’, दिवे मंदावले की चौथी-पाचवीच्या सगळ्या वर्गाने मिळून मारलेली ती आरोळी. ते दिवे सावकाश मंदावण्याला कारण आहे. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून चांगला निवेदक आधी निवांत सूर्यास्त करतो, क्षितिजावरच्या इमारती काळ्या पडू देतो, एखादा ग्रह दाखवतो आणि मग कुठे तारे. जाताना पहाटही तशीच, हळूहळू.

तारांगणाचं यंत्र जर्मनीत जन्मलं. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांना लोकांना आत उभं करून आकाश दाखवायचं होतं. दिवे लावलेला एक प्रचंड पोकळ गोल प्रेक्षकांभोवती फिरवावा, अशी मूळ कल्पना होती. येना गावच्या झाइस कंपनीतला अभियंता वाल्थर बाउअर्सफेल्ड याने ती उलटी केली. घुमट जागच्या जागी राहू द्या, फिरायचंय ते मधल्या प्रकाशयंत्राला. ऑगस्ट १९२३ मध्ये कारखान्याच्या छतावर बांधलेल्या १६ मीटर व्यासाच्या घुमटात पहिलं आकाश लागलं आणि ऑक्टोबरमध्ये ते म्युनिकमध्ये दाखवलं गेलं. छतावर जड घुमट पेलला नसता, म्हणून लोखंडी सळ्यांची त्रिकोणी जाळी विणून त्यावर काँक्रीटचा पातळ थर दिला होता. पुढे बकमिन्स्टर फुलरच्या नावाने जगभर गाजलेल्या जाळीदार घुमटांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. येनातलं सार्वजनिक तारांगण १९२६ पासून आजतागायत चालू आहे.

पहिल्या यंत्रात सुमारे साडेचार हजार तारे होते. तारे दाखवणं त्यातल्या त्यात सोपं: पातळ पत्र्याला बारीक भोकं, मागे दिवा, पुढे भिंग. अडचण ग्रहांची. तारे एकमेकांशी अंतर राखून असतात, ग्रह त्यांच्यामधून भटकतात, आणि भटकता भटकता मध्येच मागे फिरतात. मंगळ वक्री, शनी वक्री हे शब्द आपल्याकडे पंचांग न उघडणाऱ्यांच्याही कानावरून गेलेले असतात. हे मागे फिरणं यंत्रात बसवायचं कसं?

बाउअर्सफेल्डने ते बसवलंच नाही. त्याने प्रत्येक ग्रहासाठी दातेरी चाकांचा एक संच केला. मंगळाचा संच घ्या. त्यात एका चाकावर पृथ्वीची खुंटी, दुसऱ्यावर मंगळाची. दोन्ही खुंट्या सूर्याच्या जागेभोवती आपापल्या वेगाने फिरतात, पृथ्वीची लवकर, मंगळाची सावकाश. दोन्हींना जोडणारी एक दांडी असते. पृथ्वीकडून मंगळाकडे पाहताना दांडी ज्या दिशेला रोखलेली असेल, त्या दिशेला मंगळाचा दिवा प्रकाश टाकतो. एवढंच. चाकं फिरू लागली की लाल ठिपका ताऱ्यांमधून पुढे सरकतो, रेंगाळतो, थांबतो, मागे येतो, पुन्हा थांबतो आणि मार्गी लागतो. साधारण दर २६ महिन्यांनी, दोन-अडीच महिने. मागे जा असं त्याला कुठलंच चाक सांगत नाही. आपली लोकल शेजारच्या रुळावरच्या गाडीला मागे टाकताना ती उलटी चालल्यासारखी वाटते, तसं पृथ्वी मंगळाला ओलांडून जाते तेव्हा घडतं. यंत्राला फक्त दोन कक्षा माहीत आहेत. वक्री होणं त्यातून आपोआप निघतं. एखाद्या कपाटात मावतील एवढ्या चाकांत ग्रहगतीचा सगळा वाद मिटवून टाकलेला पाहिला की मला आजही थक्क व्हायला होतं.

आणखी एक बारकावा. घुमट अर्धाच असतो आणि तारे तर चहूबाजूंना पडणार. मग मावळलेले तारे प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर, कपड्यांवर दिसायला हवेत! म्हणून भिंगांपुढे पापण्यांसारख्या झडपा बसवल्या. यंत्राचा गोल कलला की त्या स्वतःच्या वजनाने मिटतात. तारा क्षितिजाला टेकतो आणि विझतो. आणि जिथून आकाश भूमितीच्या दृष्टीने बिनचूक दिसतं ती घुमटाच्या बरोबर मधली जागा यंत्राने स्वतःच अडवलेली असते. बाकी आपण सगळे थोडंफार वाकडं आकाश बघतो.

पहिलं यंत्र म्युनिकच्या अक्षांशाला जखडलेलं होतं. दुसऱ्या पिढीच्या यंत्राला दोन गोल आले, जवळपास नऊ हजार तारे आले, आणि पृथ्वीवर कुठेही जायची मुभा मिळाली. मुंबईच्या आकाशात ध्रुवतारा क्षितिजापासून १९ अंशांवर असतो. निवेदक कन्याकुमारीकडे निघाला की तो खाली उतरत उतरत ८ अंशांवर येतो, उत्तर ध्रुवावर गेलं तर थेट डोक्यावर. भूगोलाच्या तासाला पाठ केलेला अक्षांश मान मागे टाकून बघता येतो. यंत्र आणखी एका आसाभोवती फिरवलं की हजारो वर्षं सरकतात. पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा घेतो, त्याला परांचन म्हणतात. पिरॅमिड बांधले जात होते तेव्हा आकाशाची उत्तर ठुबन या ताऱ्याजवळ होती. आणखी बारा हजार वर्षांनी ती अभिजितच्या दिशेला असेल. ध्रुवबाळाला मिळालेलं अढळपद घुमटात मिनिटभरात ढळतं, आणि एखादं पोर हमखास विचारतं, “मग आधी तिथे कोण होतं?”

आपल्याकडे हे सगळं पहिल्यांदा शाळेतच आलं. पुण्यात टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ मध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं. ते आशियातलं पहिलं असं अभिमानाने सांगितलं जातं, पण ओसाकात १९३७ मध्येच झाइसचं यंत्र बसलं होतं, तेव्हा भारतातलं पहिलं म्हणूया. त्यानंतर कोलकात्याचं बिर्ला तारांगण आणि १९७७ मध्ये वरळीचं नेहरू तारांगण आलं. तिकडे अमेरिकेत चंद्रावर जाणारेही तारांगणाच्याच शाळेत शिकले. नॉर्थ कॅरोलायनातल्या मोरहेड तारांगणात अंतराळवीरांना ताऱ्यांवरून दिशा ओळखायचे धडे दिले जात. चंद्रावर पाय ठेवलेल्या बारा जणांपैकी अकरा जण तिथे घुमटाखाली बसून गेले होते.

१९८३ मध्ये अमेरिकेत रिचमंडला डिजिस्टार हे संगणकावर चालणारं तारांगण सुरू झालं आणि दातेरी चाकांची सद्दी संपत आली. आता यान शनीच्या कड्यांतून जातं, आकाशगंगेबाहेर पडून मागे वळून बघतं. घुमटावर दाखवायच्या अशा चित्रपटाची, म्हणजे घुमटपटाची, चौकट गोल असते. एकेका चित्रात आडवे-उभे सुमारे चार-चार हजार पिक्सेल, सेकंदाला तीस चित्रं, म्हणजे २५ मिनिटांच्या पटाला ४५ हजार. प्रेक्षकाच्या नजरेला कडा कुठेच सापडत नाही, त्यामुळे दृश्य कललं की खुर्चीच कलल्यासारखी वाटते आणि मुलं हात घट्ट धरतात. दिग्दर्शकाची मात्र पंचाईत होते. झटपट दृश्यं बदलली तर पोटात ढवळतं. आत्ता इकडे बघा हे आवाजाने सांगावं लागतं, कारण मागे बसलेला पोरगा भलतीकडेच बघत असतो. पडदा भोकाभोकांच्या अॅल्युमिनियमचा असतो, भोकांमागे ध्वनिक्षेपक. रंगही त्याला पांढरा देत नाहीत, राखाडी देतात. नाहीतर एका बाजूचा उजेड समोरच्या बाजूवर उडून सगळा अंधार पांढुरका होईल.

हिशेब एका बाबतीत चुकतो. चार हजार पिक्सेलांत १८० अंश बसवले तर पौर्णिमेच्या चंद्राच्या वाट्याला आडवे जेमतेम अकरा-बारा पिक्सेल येतात. म्हणून कित्येक ठिकाणी चंद्र चक्क मोठा करून दाखवतात. तारा तर एका पिक्सेलचा केला तरी डोळ्याला जाणवेल इतका जाड. जुन्या यंत्रातली सुईच्या टोकाएवढी भोकं इथे अजून सरस ठरतात, आणि काही मोठ्या तारांगणांनी म्हणूनच दोन्ही यंत्रं ठेवली आहेत.

मला घुमटपट आवडतात. पण शाळेसाठी तारांगण निवडायचं झालं तर पाऊण तासात जिवंत निवेदक किती वेळ बोलतो हे मी आधी विचारेन. शनीच्या कड्यांतून मारलेली भरारी मुलांना घरी जाऊन पडताळता येत नाही. मृग पूर्वेला उगवून मागोमाग व्याध वर येतो, हे गच्चीवरून पडताळता येतं.

तारांगणासाठी कोट्यवधी रुपये लागतातच असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या पॉल बर्क यांनी दाखवून दिलं की साधा वर्गातला प्रोजेक्टर फुगीर आरशावर मारला तरी घुमट भरतो. दुकानांच्या कोपऱ्यात लावतात त्या जातीचा आरसा चालतो. स्टेलेरियम हा फुकटचा प्रोग्रॅम अशा आरशासाठी चित्र मुद्दाम वाकडं करून देतो. पंख्याने फुगवायचा कापडी घुमट असला की वर्गाचा वर्ग रांगत आत जातो. स्टेलेरियममध्ये आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घालता येतात आणि कुठलीही तारीख.

चौथीच्या वर्गात कुणीतरी शिवजन्माची रात्र मागणारच. शिवनेरी, १९ फेब्रुवारी १६३०. तारीख घातली की संध्याकाळी डोक्यावर अर्धा चंद्र दिसतो, शुद्ध अष्टमीच्या आसपासचा. पण तिथी तर फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१! चंद्र आधीच पौर्णिमा ओलांडून गेलेला हवा. यंत्र चुकलं नाही आणि तिथीही चुकली नाही. आपली तारीख जुन्या ज्युलियन गणनेतली आहे. इंग्रज ती गणना १७५२ पर्यंत वापरत होते, आणि संगणक १६३० सालाला नवी ग्रेगोरियन गणना लावतो. दोहोंत दहा दिवसांचं अंतर आहे. तारीख १ मार्च करा. संध्याकाळचं आकाश चंद्राविना राहतं आणि अंधार चांगला पडल्यावर पूर्वेकडून पौर्णिमेनंतरचा, एका कडेने झिजू लागलेला चंद्र वर येतो. वद्य तृतीयेला यावा तसा.