कात्री लावायची नाही!

१९८५ साली अमेरिकेत एक जपानी कार्टून सिनेमा आला. त्याच्या पोस्टरवर अगदी पुढे कोण होतं ठाऊक आहे? शस्त्रं परजून उभे असलेले दांडगे योद्धे! पोस्टर बघून जे कुणी सिनेमाला गेले असतील, त्यांनी या योद्ध्यांची शेवटपर्यंत वाट बघितली असेल. कारण ते सिनेमात नव्हतेच मुळी. सिनेमा होता एका मुलीचा, आणि ती बिचारी पोस्टरवर पार मागे, बारीकशी काढलेली.

त्या मुलीचं नाव नाउसिका. वाऱ्याच्या खोऱ्यातली राजकन्या. हायाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकानं १९८४ साली तिच्यावर सिनेमा काढला. गोष्ट अशी, की एका महायुद्धात जुनं जग जळून गेलं त्याला हजार वर्षं झालीत. पृथ्वीवर विषारी जंगल पसरत चाललंय. त्यात डोंगराएवढे किडे राहतात, त्यांना म्हणतात ओमू. माणसं म्हणतात, जंगल जाळा, किडे मारा. नाउसिका मात्र गुपचूप एक प्रयोग करते. जंगलातल्या झाडांचं बी आणून ती ते स्वच्छ माती-पाण्यात लावते. आणि काय आश्चर्य, त्या झाडांत विष नाहीच! विष मातीत आहे, आणि तेही माणसांनीच कालवलेलं. जंगल उलट ती माती शुद्ध करतंय, आणि ओमू त्या जंगलाची राखण करताहेत.

सिनेमाचा जीव या गोष्टीत आहे. पण अमेरिकेतल्या कंपनीला वाटलं, कार्टून म्हणजे पोराटोरांचं काम, एवढा विचार त्यांना कुठला झेपायला? मूळ सिनेमा ११७ मिनिटांचा. त्यातली सुमारे २२ मिनिटं कापून टाकली. नाव बदलून 'वॉरियर्स ऑफ द विंड' केलं. नाउसिकाची झाली 'झांड्रा'. आणि राखणदार ओमू झाले नुसते चवताळलेले राक्षसी किडे. मारामारी तेवढी शिल्लक राहिली.

आता जरा गणित करू या. (मी मास्तरीण आहे, त्याला इलाज नाही!) सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून सरकतात. २२ मिनिटं म्हणजे १,३२० सेकंद, म्हणजे ३१,६८० चौकटी. जपानी चित्रकार बरेचदा एकच चित्र तीन चौकटींना वापरतात. तसं धरलं तरी १०,५६० चित्रं झाली! काही दृश्यांत चित्र हलतच नाही, काहींत एकावर एक दोन-तीन चित्रं ठेवलेली असतात, त्यामुळे खरा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण एकेक चित्र हातानं काढायचं, हातानं रंगवायचं, आणि कुणीतरी साता समुद्रापलीकडे बसून ते कात्रीनं उडवायचं! तुमच्या चित्रकलेच्या वहीचं एक पान शेजारच्यानं फाडलं तर केवढी भांडणं होतात, ती मी रोज सोडवते.

त्याच वर्षी मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्टुडिओ घिब्ली' ही संस्था काढली. पोळलेल्या या मंडळींनी पुढे कानाला खडा लावला. परदेशी सिनेमा द्यायचा तो कात्री न लावण्याच्या अटीवरच.

हे बोलायला सोपं आहे. पण अट घातली की गिऱ्हाईक कमी होतं. त्यामुळे घिब्लीचे सिनेमे बरीच वर्षं बाहेरच्या मुलांपर्यंत नीट पोचलेच नाहीत. 'माझा शेजारी तोतोरो' हा १९८८ चा सिनेमा आज जगभरची मुलं ओळखतात. तो इंग्रजीत आधी कुठे दाखवला गेला? जपानच्या विमानांत! समुद्र ओलांडणाऱ्या प्रवाशांसाठी त्याला इंग्रजी आवाज दिले होते. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत तो लागला थेट १९९३ साली.

मग १९९६ मध्ये डिस्ने कंपनीशी करार झाला. कापाकापी नाही, ही अट त्यातही होतीच. पण गंमत बघा, कापायचं नाही असं ठरलं, तरी भर घालता येतेच की!

'किकी' नावाच्या तेरा वर्षांच्या चेटकिणीचा एक गोड सिनेमा आहे, १९८९ चा. रिवाजाप्रमाणे तिला वर्षभर घर सोडून परक्या गावात राहायचंय. ती झाडूवर बसून घरोघर सामान पोचवायचं काम करते. सोबतीला काळं मांजर, जिजी. ते तिच्याशी चक्क बोलतं. पण एक दिवस असा येतो, की किकीला त्याची भाषा समजेनाशी होते. ते नुसतं म्याँव करतं. पुढे तिची उडायची शक्ती परत येते, सगळं छान होतं. मांजर मात्र जपानी सिनेमात पुन्हा बोलत नाही. तिच्या खांद्यावर येऊन बसतं, म्याँव करतं, बस्स.

१९९८ च्या इंग्रजी आवृत्तीत चित्र एकही कापलं नाही. पण शेवटी मांजराच्या तोंडी वाक्य घातलं. ते पुन्हा बोलू लागलं! मुलं हिरमुसतील, असं कुणालातरी वाटलं असणार.

तुम्हाला कोणता शेवट आवडला असता? मला विचाराल तर जपानी. चौथीच्या मुली शाळा सोडून पाचवीला दुसऱ्या शाळेत जातात ना, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला दप्तरातून येणारी बाहुली वर्षाच्या शेवटी येईनाशी झालेली असते. बाहुली रागावलेली नसते, मुलीचंही प्रेम आटलेलं नसतं. किकीचं तसंच आहे. ते न सांगता समजतं. उलट मांजर बोलायला लागलं, की मधल्या काळात काहीच घडलं नाही असं वाटतं. पुढे २०१० मध्ये इंग्रजी सिनेमा नव्यानं काढताना यातली बरीचशी भर काढून टाकली आणि जिजी पुन्हा गप्प झाला.

खरी झटापट झाली ती 'राजकन्या मोनोनोके'वरून. १९९७ साली जपानमध्ये या सिनेमानं गर्दीचा उच्चांक केला. जंगलातले देव एका बाजूला, लोखंड गाळणारं गाव दुसऱ्या बाजूला. गावाची प्रमुख एबोशी झाडं तोडते, पण रोग्यांना आणि निराधार बायकांना तिनंच आसरा दिलाय. मग वाईट कोण? सिनेमा उत्तर हातात देत नाही. लांबी सुमारे १३३ मिनिटं. अमेरिकेतल्या मिरामॅक्स कंपनीच्या प्रमुखाचा आग्रह, की तो ९० मिनिटांवर आणा. तेव्हा घिब्लीचे निर्माते तोशिओ सुझुकी यांनी त्याला काय भेट दिली? एक जपानी तलवार! खरी नव्हे, नकली, पण दिसायला हुबेहूब. सोबत निरोप दोनच शब्दांचा – 'नो कट!'

ऑक्टोबर १९९९ मध्ये सिनेमा अमेरिकेत लागला, तो अख्खा. आता तुम्ही म्हणाल, मग धो धो चालला असेल. नाही हो! जपानच्या मानानं तिथली कमाई अगदीच चिमूटभर झाली. पण जो दाखवला तो मियाझाकींचा सिनेमा होता.

त्यानंतर आला २००१ चा 'स्पिरिटेड अवे'. चिहिरो नावाची दहा वर्षांची मुलगी देवांच्या स्नानगृहात नोकरी करते, अशी अजब गोष्ट. इंग्रजी करताना इथेही थोडी भर पडलीच. जपानी चिहिरो ती इमारत नुसती बघत राहते, इंग्रजी चिहिरो म्हणते, हे तर स्नानगृह! जपानी प्रेक्षकाला ते बघून कळतं, अमेरिकेतल्या मुलाला सांगावं लागतं. ही भर मला चालण्यासारखी वाटते. आपणही पाहुण्याला पुरणपोळी वाढताना आत काय आहे ते सांगतोच की. या सिनेमाला मार्च २००३ मध्ये ऑस्कर मिळालं. मियाझाकींच्याच 'द बॉय अँड द हेरॉन'ला मार्च २०२४ मध्ये पुन्हा मिळालं.

आणि आपल्याकडे काय? आपल्या आईबाबांना विचारा. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा, त्यात शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. ती मालिका जपानमध्ये बनलेली होती, हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं! आता चित्र पालटलंय. २०१९ मध्ये 'वेदरिंग विथ यू' आपल्या चित्रपटगृहांत लागावा म्हणून हजारो चाहत्यांनी मागणीपत्रावर सह्या केल्या, आणि तो लागला. २०२५ मध्ये 'डेमन स्लेयर'चा सिनेमा जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू आवाजांत आला. मराठी त्यात नव्हती. नानांचा शेरखान आठवला, की ही गोष्ट जरा खटकतेच.

पण एक जपानी सिनेमा असा आहे, की तो आपलाच म्हणावा. युगो साको नावाचे जपानी गृहस्थ १९८३ मध्ये भारतात एका माहितीपटाच्या कामासाठी आले आणि रामायणाच्या प्रेमात पडले. देवांचं कार्टून करायचं म्हणजे नाजूक काम, म्हणून आपल्या सरकारनं आधी हात आखडता घेतला. साकोंनी चिकाटी सोडली नाही. मुंबईचे ॲनिमेशनकार राम मोहन त्यांच्या जोडीला उभे राहिले. संगीत वनराज भाटियांचं, आणि संस्कृत गीतं आपल्या वसंत देवांची. सुमारे ४५० चित्रकार राबले. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला, पण चित्रपटगृहांत फारसा पोचला नाही. पुढे घरच्या टीव्हीवर मात्र एका अख्ख्या पिढीनं तो पाहिला. हिंदीत रामाला आवाज अरुण गोविलांचा, रावणाला अमरीश पुरींचा.

याची लांबी किती? जवळजवळ मोनोनोकेएवढीच, १३५ मिनिटं! आणि अमेरिकेत २००१ मध्ये नेताना यालाही कात्री लागली. तलवार पाठवणारं कुणी नव्हतं ना!

२४ जानेवारी २०२५ ला मात्र तो भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, चित्रं स्वच्छ करून. तुम्ही पाहाल तेव्हा एक काम करा. युद्ध वगैरे तर बघालच, पण राम-लक्ष्मणांची धोतरं आणि मोठ्यांच्या पाया पडतानाचं त्यांचं वाकणं नीट न्याहाळा. धोतर कसं नेसतात, आशीर्वाद कसा घेतात, हे आपल्या चित्रकारांनी जपानी चित्रकारांना समजावून दिलं होतं, आणि मगच त्यांनी ते चितारलं.