यंत्ररचना आणि माणसाचे मन

यंत्र उपयुक्त असले म्हणजे लोक ते आपोआप स्वीकारतात, असा सर्वसाधारण समज आहे. अनुभव मात्र निराळा आहे. १९९५ साली जपानमधील हिताची कंपनीच्या मासाकी कुरोसू व काओरी काशिमुरा या संशोधकांनी बँकेच्या एटीएम यंत्राच्या पडद्याचे २६ नमुने २५२ व्यक्तींना दाखविले. बटणांची कामे सर्वत्र तीच होती. मांडणी तेवढी वेगळी होती. तरीही जे नमुने डोळ्यांना सुंदर वाटले, तेच वापरण्यास सोपे आहेत, असे लोकांना वाटले.

अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी २००४ साली 'इमोशनल डिझाइन' या ग्रंथात याची मीमांसा केली. मन चिंताग्रस्त असले म्हणजे किरकोळ अडचणीतूनही मार्ग सुचत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

भारतात २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यावर पुढे दुकानांत बोलकी ध्वनिपेटी आली. रक्कम जमा झाल्याचे ती मोठ्याने सांगते आणि दुकानदाराच्या मनातील शंका दूर करते.

शासकीय सेवांच्या ऑनलाइन अर्जांनाही हाच न्याय लागू आहे. पडद्यावर 'माहिती चुकीची' एवढाच तांबडा शेरा उमटला, तर प्रथमच अर्ज भरणारा शेतकरी माघारी फिरण्याचा आणि हक्काच्या लाभास मुकण्याचा संभव असतो. चूक कोठे झाली, ती कशी सुधारावी आणि भरलेली माहिती कायम आहे, हे साध्या मराठीत सांगितल्यास त्याला धीर येतो. म्हणूनच नवा अर्ज अमलात आणण्यापूर्वी तो गावातील चार माणसांकडून भरवून पाहणे इष्ट ठरेल.